आपोआप आलेले

शाळेत मोबाइल आणू नये असा आमच्याकडे नियम आहे. नियम असला की तो मोडणारा असतो, आणि मोडणाऱ्याला पकडण्याचे काम माझ्यासारख्याकडे येते. गेल्या वर्षी श्रावण सरता सरता, मधल्या सुटीनंतरच्या तासाला, नववीच्या वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावरच्या दप्तरात फोन वाजला. मी तो मागून घेतला. मुलाने मुकाट्याने दिला. फोन वडिलांचा होता; काच तडकली म्हणून शाळा सुटल्यावर नदीनाक्यावर दुरुस्तीला टाकायचा होता, एवढेच तो बोलला.

तेवढ्यावर मी थांबायला हवे होते. परंतु फोन उघडा होता, आणि हातात आलेली उघडी वस्तू चाळून पाहण्याचा मोह मास्तर मंडळींना इतरांपेक्षा काकणभर जास्तच असतो. मी त्यातील गॅलरी उघडली. तिसऱ्या की चौथ्या ओळीत ते चित्र होते. त्यात काय होते हे दिवाळीच्या अंकात लिहिण्याजोगे नाही. एका समाजाची अत्यंत हिडीस टवाळी, एवढे सांगितले म्हणजे पुरे. भिवंडीच्या आसपास राहणाऱ्या माणसाला अशा चित्राचे भय समजावून सांगावे लागत नाही. १९७० आणि १९८४ या दोन सालांनी ते आमच्या हाडात भरलेले आहे. १९८४ साली मी अगदी पोर होतो. दिवेलागणीलाच सगळी दारे का लागतात असे मी आईला विचारले होते, आणि तिने उत्तर न देता माझे मनगट घट्ट धरले होते. त्या मनगटावरची पकड अजून आठवते.

“हे कुठून आणलेस?”

“सर, मी नाय आणला. आपोआप आला.”

“आपोआप?”

“हो सर. ग्रुपवर येतो नि आपोआप उतरतो. मी उघडलापण नाय.”

मुलांची निमित्ते ऐकण्यात माझी वीस वर्षे गेली. वही घरी राहिली, आजी आजारी पडली, रात्री वीज नव्हती. या सगळ्या निमित्तांत दोष निदान कोणावर तरी ढकललेला असतो. ‘आपोआप’ हे निमित्त मला फारच निर्लज्ज वाटले. मी त्याच वर्गाला त्याच आठवड्यात क्रियापदे शिकवली होती. ‘उजाडले’, ‘सांजावले’, ‘गडगडते’ अशी थोडी क्रियापदे मराठीत आहेत की ज्यांना कर्ता लागत नाही. व्याकरणात त्यांना भावकर्तृक म्हणतात. आभाळाने केलेल्या गोष्टींना ती शोभतात. ‘चित्र उतरले’ हे त्यांतले नव्हे. कोणी तरी उतरवल्याशिवाय काही उतरत नाही, असे मी त्याला सर्व वर्गासमोर सुनावले आणि वडिलांना बोलावून घेतले.

वडील दुसऱ्या दिवशी सकाळी आले, ते रात्रपाळीवरून थेट. यंत्रमागावर बारा तास उभा राहिलेला माणूस. केसांत कापसाची पिंज, कानांत अजून मागाचा आवाज, त्यामुळे माझे प्रत्येक वाक्य त्यांना दोनदा ऐकावे लागत होते. मी चित्र दाखवले. त्यांनी ते पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता मुलाच्या थोबाडीत मारली. मग हात जोडून म्हणाले, “मास्तर, नाव काढू नका शाळेतून.”

मी मोठ्या मनाने नाव काढले नाही.

चौथ्या दिवशी माझाच फोन अडला. घरी गणपती होते. वाडा तालुक्यातली माझी आत्या मुक्कामाला आली होती. ऐंशी उलटलेली बाई. रात्री आरत्या झाल्यावर भिंतीला टेकून ती आपल्याच तंद्रीत जात्यावरच्या ओव्या म्हणू लागली. त्या ओव्या आता तिच्याखेरीज आमच्या घरात कोणाला येत नाहीत. आवाज धरून ठेवावा म्हणून मी लगबगीने फोन काढला, तर त्यावर पाटी आली: जागा शिल्लक नाही. हे काढू की ते काढू असे करीत मी बसलो तोवर ओव्या संपल्या आणि आत्या कूस बदलून झोपलीसुद्धा. सुदैवाने आत्या धडधाकट आहे. पुढे आतेभावाने तिला घरीच गाठून हळूहळू एकेक ओवी धरायला सुरुवात केली. परंतु त्या रात्री मी चरफडत, सगळे निजल्यावर, गॅलरी रिकामी करायला बसलो.

चार हजारांवर चित्रे होती. त्यांतली मी स्वतः काढलेली सहाशेही नसतील. बाकीचा पसारा काय सांगावा! उगवता सूर्य आणि वाफाळता चहा. एकाच आषाढी एकादशीच्या विठ्ठलाची एकेचाळीस चित्रे. लग्नपत्रिका, त्यांतल्या एका लग्नाचा पुढे काडीमोडही झाला होता. कोणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे. पुसायला बसलो तर आणखीच अवघड. विठ्ठलाला पुसताना अंगठा अडखळतो. गेलेल्या माणसाच्या तेराव्याचे पत्र पुसताना आपण त्याला दुसऱ्यांदा पोचवतो आहोत असे वाटते. न मागता आलेल्या वस्तूने घरात असे पाय रोवले होते, आणि घालवताना पाप मात्र माझ्या खाती पडत होते.

मग ते चित्र सापडले. तेच. खाली तारीख होती, मी ते मुलाच्या फोनमध्ये पाहिले त्याच्या दोन दिवस आधीची. माजी विद्यार्थ्यांच्या एका गटात कोणी तरी ते सोडून दिले होते. मी ते उघडले नव्हते. ते माझ्या खिशात आहे हे मला ठाऊकही नव्हते. ते आपोआप उतरले होते.

त्या रात्रीपासून हा ‘आपोआप’ कोण, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

यंत्राच्या बाजूने त्याचे उत्तर सोपे आहे. निरोपांची, गाण्यांची, चित्रपटांची ही जी ॲप असतात, त्यांतल्या पुष्कळांत बसवतानाच ठरवून दिलेले असते की चित्र आले की उतरवावे, वायफाय मिळाले की चलच्चित्रही उतरवावे, तुम्हांला आवडेल असे आम्हांला वाटते म्हणून अमुक गाणे अगोदरच आणून ठेवावे. नको असेल तर ही सोय बंद करता येते. पण बंद करण्याची खूण देवघरातल्या पेटीतल्या डबीतल्या पुरचुंडीत असावी तशी आतल्या आत असते. म्हणजे कर्ता आहे. कोणा माणसाने कुठल्या तरी कचेरीत बसून, तुमच्यामाझ्या वतीने, ‘होय’ या चौकटीत अगोदरच खूण करून ठेवली. वाक्यातून तो आपले नाव काढून घेतो एवढेच. मुलाचे व्याकरण चुकले नव्हते. त्याला कर्ता दिसलाच नव्हता.

आमच्या लहानपणी लग्नाच्या पंगती जमिनीवर बसत. वाढपी जिलबीची परात घेऊन आला की पोट भरलेला माणूस पानावर दोन्ही हात आडवे धरी. मग आग्रह सुरू. ‘एकच घ्या’, ‘माझ्या हातची घ्या’, ‘नवऱ्या मुलीसाठी घ्या’. आणि बोटांच्या फटीतून एक जिलबी पानात पडल्याशिवाय वाढपी पुढे सरकत नसे. लहानपणी मला ही शुद्ध बळजबरी वाटे. आता वाटते, त्या बळजबरीतही एक मोठी गोष्ट सांभाळलेली होती. वाढप्याने माझा हात पाहिलेला असे. आग्रहाची सगळी गंमत माझ्या नकाराभोवती फिरत असे. मी ‘नको’ म्हणू शकतो हे धरूनच तो ‘घ्या’ म्हणत असे. जिलबी पडली तरी ती माझ्याशी झगडून पडली. यंत्राच्या पंगतीत मी बसण्यापूर्वीच पान वाढून भरलेले असते. हात आडवा धरायचा तो कशावर?

आणि पानात टाकू नये, हा तर आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा संस्कार. वाढणारा पुढच्या पानाकडे निघून जातो, संपवण्याची जबाबदारी खाणाऱ्याच्या माथी. तडस लागलेली माणसे मांडी बदलीत, घाम पुशीत शेवटची जिलबी गिळताना मी पाहिली आहेत. विठ्ठलाची एकेचाळीस चित्रे पुसताना मला त्यांची आठवण झाली.

जगात या दांडगाईचा सर्वांत गाजलेला प्रसंग घडला तो ९ सप्टेंबर २०१४ रोजी. अ‍ॅपल कंपनीने त्या दिवशी आपला नवा फोन लोकांपुढे आणला आणि त्याच समारंभात आयर्लंडच्या ‘यू टू’ या प्रख्यात गायकसंचाचा ‘साँग्स ऑफ इनोसन्स’ हा नवा गीतसंग्रह सुमारे ५० कोटी ग्राहकांना फुकट देऊन टाकला. देऊन टाकला म्हणजे कसा, तर त्यांच्या संगीताच्या कपाटात नेऊन ठेवला. ज्यांच्या फोनवर आपोआप उतरवण्याची सोय चालू होती त्यांच्या फोनमध्ये तो उतरलाही. फुकटची, तीही नामवंतांची भेट. लोक हरखून जातील असा देणाऱ्यांचा अंदाज. लोक चिडले. आठवड्याच्या आत कंपनीला तो संग्रह काढून टाकण्यासाठी खास व्यवस्था करावी लागली. ऑक्टोबरात गायक बोनो याने जाहीर क्षमा मागितली, आणि पुढे २०२२ साली आपल्या आत्मचरित्रात सगळा दोष स्वतःकडे घेतला. त्याने तेथे दिलेला दृष्टांत मला आवडतो. दुधाची बाटली दाराशी ठेवायची होती, ती आम्ही गावातल्या प्रत्येक घरात शिरून फ्रिजमध्ये ठेवली, अशा अर्थाचे तो लिहितो.

दूध वाईट नव्हते. गाणीही, ज्यांना तशी आवडतात त्यांच्या मते, वाईट नव्हती. मग बिघडले कुठे? उंबऱ्यावर. उंबऱ्याच्या बाहेर ठेवलेली वस्तू भेट असते. आत ठेवलेली वस्तू म्हणजे कोणी तरी आत येऊन गेल्याची खूण. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्यात नजराणा दारात येऊन थांबतो. तो परस्पर तुकोबांच्या कोठीत भरून ठेवला असता तर परत करण्याला भजनाची नव्हे, हमालांची गरज लागली असती.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी हा प्रश्न फार बारकाईने चघळलेला आहे. दान म्हणजे नुसते देणे नव्हे. आपले स्वामित्व सोडणे आणि दुसऱ्याचे निर्माण करणे, अशी दोन टोके त्याला आहेत. मिताक्षराकार विज्ञानेश्वराच्या मते दुसरे टोक घेणाऱ्याच्या स्वीकारावाचून पुरे होत नाही, आणि तो स्वीकार मनाने, वाणीने, देहाने असा तीन परींचा. बंगालचा जीमूतवाहन याहून उलट बाजूचा. देणाऱ्याने सोडले की काम झाले, असे त्याचे म्हणणे. त्या वादात पडण्याचा मला अधिकार नाही. पण आजच्या कंपन्या कोणत्या पंडिताच्या शिष्या आहेत हे सांगायला फार विद्वत्ता लागत नाही. इंग्रजांच्या अमदानीतला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आजही चालू आहे, आणि त्याच्या १२२ व्या कलमात बक्षीस हे घेणाऱ्याने स्वीकारल्यावरच बक्षीस ठरते.

मौन म्हणजे संमती, असे कोणी म्हणेल. इंग्लंडात १८६२ साली एक खटला झाला, तो मला काका-पुतण्यांच्या आपल्या परंपरेमुळे विशेष जवळचा वाटतो. काकाने पुतण्याला लिहिले: तुझ्या घोड्याबद्दल तुझ्याकडून आणखी काही कळले नाही तर तो ३० पौंड १५ शिलिंगांना माझा झाला असे समजतो. पुतण्याने उत्तर धाडले नाही. पुढे लिलाव करणाऱ्याच्या चुकीने तो घोडा भलत्यालाच विकला गेला आणि काका भांडायला उभा राहिला. न्यायालयाने सांगितले की, तू गप्प राहिलास म्हणजे हो म्हणालास, अशी अट एकाने दुसऱ्यावर लादता येत नाही. तेथे निदान काकाने पत्र तरी लिहिले होते!

हे सगळे मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला सांगत होतो. शेलारहून निघून मानकोलीकडे जाऊ लागले की दोन्ही अंगांना जी अफाट गोदामे लागतात, त्यांतल्या एकात तो माल मोजून घेण्याचे काम करतो. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि महामार्गाच्या काठाला म्हणून ही गोदामे आमच्या भाताच्या शेतांवर उठली. २०१७ साली जकात गेली, पण गोदामे वाढतच राहिली. तो हसून म्हणाला, “सर, आमच्याकडे चलनापेक्षा एक खोका जास्त उतरला तर मला तीन सह्या घ्याव्या लागतात. मागवला नसेल तर गाडी फाटकातूनच परत. ड्रायव्हर शिव्या देतो, भाडं कोण देणार, वाराई कोण देणार म्हणून. पण आत घेत नाही.” मी विचारले, “का? एक खोका काय जागा खातो?” तो म्हणाला, “जागेचं भाडं आहेच. पण सर, आत घेतला की तो माझा झाला. उद्या त्यात काय निघेल त्याला मी जबाबदार.”

आत घेतला की माझा झाला. मी फोनच्या जागेचा हिशेब करीत बसलो होतो. त्याने मला मूळ प्रश्नावर आणून सोडले. फाटकावर बसलेला तो पोरगा जर फाटकाला जबाबदार, तर ज्याच्या फोनला फाटकच ठेवलेले नाही तो कशाला जबाबदार?

कायद्याने यात थोडा उजेड पाडलेला आहे. १९७२ साली शस्त्रांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वस्तू ताब्यात असणे म्हणजे नुसती जवळ असणे नव्हे. ती आहे ही जाणीव त्यात हवी. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, गटातील एकाने टाकलेल्या गैर मजकुराबद्दल, दोघांचा समान हेतू दिसल्याखेरीज गटाच्या चालकाला दोषी धरता येत नाही असा निर्णय दिला. म्हणजे देशाच्या मोठमोठ्या न्यायाधीशांना जे पटले होते, ते नववीतल्या मुलाने मला एका वाक्यात सांगितले होते, आणि मी ते निर्लज्जपणा समजलो.

तथापि येथे थांबलो तर मी स्वतःला फार स्वस्तात सोडले असे होईल. ‘मी उघडलेच नव्हते’ ही सबबही पुढे सवय होऊ शकते. ज्याला काहीच पाहायचे नाही तो जन्मभर निर्दोष राहील. त्याच्या घरात काय साठले आहे ते शेजाऱ्यांना मात्र ठाऊक असेल. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारले. डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे लोक. कित्येक दिवस फोनवर फिरणाऱ्या अफवांनी ते गाव आणि तो मुलूख भरून गेला होता. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी निरोप पुढे पाठवण्यावर बंधन घातले. अफवा पुढे पाठवणाऱ्यांतील बहुतेकांनी ती दुष्टपणाने पाठवली असेल असे मला वाटत नाही. लेकरांची काळजी म्हणून पाठवली असेल. आले म्हणून पाहिले, पाहिले म्हणून पाठवले. कोणालाच कर्ता व्हावे लागले नाही. भावकर्तृक क्रियापदाने पाच माणसे मेली.

म्हणून मला वाटते, येण्यावर आपला इलाज नसेल, पण पाहिल्याच्या क्षणी गाठ आपल्याशी पडते. त्या चित्रापुरता हिशेब मांडून पाहतो. मुलाने ते पाहिले नव्हते. मी पाहिले. मी ते मुख्याध्यापकांना दाखवले. शिक्षकांच्या खोलीत दोघा सहकाऱ्यांना दाखवले, ‘बघा, आजकालची पोरे’ असे म्हणत. त्या थकलेल्या बापाला दाखवले. चार माणसांच्या डोळ्यांत ते चित्र मी नेऊन घातले आणि ते आता पुसायचे म्हटले तरी पुसता येणार नाही. यंत्राने ते दोन फोनांत झाकून ठेवले होते. त्याचा प्रसार केला तो मी. आणि त्या थपडेचे काय? व्याकरणात प्रयोजक क्रियापद म्हणून एक प्रकार असतो. बापाने मारले, मी मारवले.

एक आक्षेप मात्र मला अजून सतावतो, आणि तो मी झाकून ठेवणार नाही. आयुष्यातल्या चांगल्या गोष्टी तरी आपण कुठे मागून घेतलेल्या असतात? आईबाप मागितलेले नसतात, मराठी मी मागून घेतली नाही, पलीकडच्या घरातल्या विविधभारतीवरून भिंतीतून झिरपत आलेली गाणी मी निवडली नव्हती. ती आपोआप उतरली आणि आज तीच माझी गाणी आहेत. तिथी न ठरवता येतो तो अतिथी. त्याला आपण देव म्हणतो. मग फोनात आलेल्या चार चित्रांवर एवढा राग का? अतिथी दाराशी हाक मारतो, हे उत्तर मी स्वतःला देतो. तो जेवतो आणि जातो. माळ्यावर चढून राहत नाही. शेजारचा रेडिओ माझ्यासाठी लावलेला नव्हता, म्हणून तर तो मला फुकट मिळाला. मला काय आवडते याची टिपणे त्याने ठेवली नव्हती. हे उत्तर मला पुष्कळसे पटते. पूर्ण पटत नाही, कारण मी मास्तर आहे.

मी रोज पन्नास मुलांच्या डोक्यांत त्यांनी न मागितलेले उतरवतो. अलंकार, वृत्ते, म्हणींचे अर्थ. त्यांच्या वतीने ‘होय’ वर खूण कोणी केली? आईबापांनी, सरकारने, मी. खिडकीबाहेर पाहणारे मूल म्हणजे पानावर आडवा धरलेला हात, हे मला इतकी वर्षे दिसले नव्हते. मी खडू फेकीत असे. ते मोठे झाल्यावर त्याला हे हवेसे वाटेल, असे मी म्हणतो. बोनोलाही तसेच वाटले असेल. आता खिडकीबाहेर पाहणारा दिसला की मी निदान क्षणभर थांबतो आणि विचारतो, “काय दिसते रे तिथे?” कधी कधी खरेच काही तरी दिसत असते. परवा तिथे कामवारीच्या पुलाकडून जाणारी बगळ्यांची रांग होती. सगळ्या वर्गाने पाहिली.

त्या मुलाकडे जायला मला दहा दिवस लागले. अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. मास्तराने मुलाची क्षमा कशी मागावी याचा पाठ कुठल्या पुस्तकात नाही. शाळा सुटल्यावर मी त्याला थांबवले, माझा फोन काढला आणि ते चित्र माझ्याकडेही आले होते, तारखेसकट सांगितले. चित्र अर्थातच मी पुसले होते. ते त्याला दाखवण्याची चूक दुसऱ्यांदा केली नाही. म्हणालो, “तू खरं बोलत होतास. माझं चुकलं. तुझ्या वडिलांनाही मी येऊन सांगतो.”

तो खाली पाहत होता. पायाच्या अंगठ्याने त्याने जमिनीवर एक रेघ ओढली. मग म्हणाला, “बाबांना नका सांगू सर. त्यांची परत एक पाळी जाईल.”

मी म्हटले, मी मागावर येऊन सांगतो, पाळी जाणार नाही. तसा मी नंतर गेलोही. त्या खडखडाटात मी काय बोललो ते त्यांना कितपत ऐकू आले देव जाणे. त्यांनी माग थांबवला नाही, फक्त मान हलवली आणि एका पोराला माझ्यासाठी चहा आणायला पिटाळले.

पण त्या दिवशी शाळेच्या पायरीवर तो मुलगा जाता जाता थांबला. “सर, तुमचा अजून चालूच असेल ना? द्या इकडे.” फोन त्याच्या हाती दिला. तो पायरीवर बसला, मी शेजारी टेकलो. त्याचा अंगठा भराभर एकामागून एक दार उघडीत आत गेला. मग थांबला. त्याने मान वर करून विचारले,

“सर, फोटो?”

“नको.”

“व्हिडिओ?”

“नको.”

“कागदपत्रं येतात काय शाळेची? ती?”

“ती मी लागतील तशी उतरवीन. नको.”

“ऑडिओ?”

आतेभाऊ आत्याची एकेक ओवी धरून पाठवू लागला होता. आदल्या दिवशीच दोन आल्या होत्या.

“ते राहू दे,” मी म्हटले.

त्याने ते राहू दिले आणि फोन माझ्या हातात परत ठेवला.